एकच जहाज, दोन मालिका: 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' १९७८ आणि २००३

बारा ग्रहांवरची माणसं एका दिवसात संपतात. एक लढाऊ जहाज वाचतं. त्याच्या आडोशाला मिळतील तेवढी प्रवासी आणि मालवाहू जहाजं गोळा होतात, मागे सायलॉन नावाची यंत्रं लागलेली असतात, आणि पुढे पृथ्वी नावाची जागा आहे याला जुन्या धर्मग्रंथांखेरीज पुरावा नाही. १९७८ ची मालिका इथूनच सुरू होते आणि २००३ चीही. जहाजाचं नाव तेच, कप्तान अडामा तोच, देशद्रोही बाल्टर तोच, इंधनाचं नावसुद्धा तेच, टिलियम.

रिमेकची चर्चा बहुतेक वेळा 'नवी मालिका गडद आहे, जुनी भाबडी होती' एवढ्यावर संपते. ते अर्धवट आहे. जुन्या मालिकेचा पहिला तास अजिबात भाबडा नाही. शांतता कराराच्या आशेने निघालेला ताफा जळतो, अडामाचा धाकटा मुलगा झॅक मरतो, आणि कॅप्रिकावर उतरलेल्या बापाला स्वतःच्या घराचे अवशेष दिसतात. अडचण दुसऱ्या तासात सुरू होते. वाचलेली माणसं कॅरिलॉन नावाच्या ग्रहावर पोचतात, तिथे जुगारघर आणि मेजवान्या चालू असतात, आणि वैमानिक स्टारबक एका गायिकांच्या चमूचा मॅनेजर व्हायला निघतो. सगळी मानवजात मेल्याला दोन-चार दिवसही झालेले नाहीत. रोनाल्ड मूरने २००१ च्या ११ सप्टेंबरनंतर हा पहिला भाग पुन्हा पाहिला आणि त्याचा रिमेक याच फटीतून जन्मला. जुन्या मालिकेने जो प्रसंग मांडून सोडून दिला, तो नव्या मालिकेने सोडला नाही. दोघींची तुलना या एका मुद्द्यावर घासून पाहिली की बाकीचे फरक आपोआप जागेवर बसतात. (दोन्ही मालिकांचे शेवट पुढे उघड होतात.)

मूळ मालिका का घसरली

मूळ मालिकेचा कर्ता ग्लेन लार्सन याची योजना दर आठवड्याच्या मालिकेची नव्हतीच. एक मोठा तीन तासांचा चित्रपट आणि त्यामागून दोन लांब चित्रपट, असं ते काम होतं. एबीसी वाहिनीने त्याची साप्ताहिक मालिका करून घेतली. भागामागे सुमारे १० लाख डॉलर खर्च येत होता, त्या काळात ही रक्कम डोळे विस्फारायला लावणारी होती. पैसा होता, पण वेळ नव्हता. संहिता लिहून व्हायच्या आत चित्रीकरणाची तारीख उभी राहायची. मग लेखकांनी हाताशी असलेले साचे उचलले. कधी वेस्टर्न चित्रपटातला एकांडा बंदूकबाज, कधी डोंगरावरची महातोफ उडवायला निघालेली तुकडी, कधी आगीत सापडलेल्यांची सुटका. कथेतला ताफा जीव मुठीत धरून पळत होता, पण दर आठवड्याला नायक मात्र कुठल्या तरी नव्या ग्रहावर उतरून स्थानिकांचे प्रश्न सोडवून परत येत होता.

दुसरं बंधन वेळेचं होतं. रविवारी रात्री आठ, म्हणजे घरातली मुलं टीव्हीसमोर. माणसासारखा जीव पडद्यावर मोठ्या संख्येने मारायला वाहिनीच्या नियमांची आडकाठी होती. त्यामुळे चिलखतातले सरपटणारे प्राणी म्हणून योजलेले सायलॉन सरळ यंत्र झाले. मूळच्या सरीसृप वंशाचा उल्लेख संवादात तेवढा उरला. यंत्र मारलं तर कुणाला हळहळ वाटत नाही, आणि वाटू नये हीच अपेक्षा होती. पुढे पंचवीस वर्षांनी रिमेकने नेमकी हीच जागा उलटी केली.

पहिला भाग १७ सप्टेंबर १९७८ ला दाखवला गेला, आणि मध्येच इजिप्त-इस्रायलमधल्या कॅम्प डेव्हिड शांतता करारावरच्या सह्यांसाठी प्रक्षेपण थांबलं. हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण मालिकेची सगळी राजकीय बुद्धी त्यातच आहे. तिच्यात शांततेची बोलणी हा सापळा असतो. बारा जणांची परिषद भोळी किंवा स्वार्थी असते, नागरी पुढारी दर वेळी चुकतात आणि सेनापती दर वेळी बरोबर ठरतो. शीतयुद्धातल्या शस्त्रकपातीच्या वाटाघाटींकडे संशयाने पाहणाऱ्या अमेरिकेला ते पटणारं होतं. मालिका मात्र एका हंगामातच आटोपली.

हल्ला कसा यशस्वी झाला

दोन्ही मालिकांतला हा भाग शेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. १९७८ मध्ये हजार वर्षांच्या युद्धानंतर तह होणार असतो, बाल्टर मध्यस्थ असतो, ताफा बेसावध राहतो. गॅलॅक्टिका वाचते ती अडामाला आधीच शंका आली म्हणून. म्हणजे वाचण्याचं कारण एका माणसाची दूरदृष्टी.

२००३ मध्ये चाळीस वर्षं युद्धविराम चालू असतो. बाल्टर इथे शास्त्रज्ञ आहे. संरक्षण खात्यासाठी तो जहाजांचं दिशादर्शन सांभाळणारं सॉफ्टवेअर लिहितो, आणि त्याच्या प्रेयसीला त्यात मनासारखी ढवळाढवळ करू देतो. ती सायलॉन असते. हल्ल्याच्या दिवशी त्या सॉफ्टवेअरमधला चोरदरवाजा उघडतो आणि नवीकोरी जहाजं एकामागून एक बंद पडतात. गॅलॅक्टिका मात्र वाचते, कारण ती जुनाट आहे. पहिल्या युद्धात सायलॉन यंत्रांनी नेटवर्कमधून घुसखोरी केली होती, म्हणून तिच्यावर संगणक एकमेकांना जोडायला अडामाने कायमची मनाई केलेली. फोन वायरचे, दारं हाताने फिरवायची, आदेश छापील कागदावर. तिचं संग्रहालय करायचा कार्यक्रम त्याच दिवशी ठरलेला असतो.

वायरचा फोन हा इथे केवळ नेपथ्याचा हट्ट नाही. कथेतलं सगळ्यात मोठं 'का' तो एका दृश्यात सांगून टाकतो. रिमेक करणाऱ्यांसमोर नेहमीचा पेच असतो की जुन्या मालिकेचं जुनं दिसणं ठेवायचं की पुसायचं. मूरच्या चमूने ते कथेचं कारण करून टाकलं. जुन्या व्हायपर विमानांचं रूपही असंच परत आलं. नवी 'मार्क सात' बंद पडतात म्हणून संग्रहालयासाठी मांडलेली 'मार्क दोन' बाहेर काढावी लागतात, आणि ती दिसायला १९७८ ची आहेत.

बाल्टरमधला बदल याहून खोल आहे. जुना बाल्टर सत्तेसाठी जाणूनबुजून मानवजात विकतो. चित्रपटगृहात दाखवलेल्या आवृत्तीत तर सायलॉन त्याचं मुंडकंच उडवतात. टीव्हीवर त्याला जिवंत ठेवलं, कारण दर आठवड्याला खलनायक लागणार होता. नवा बाल्टर विकत काहीच नाही. त्याला स्तुती हवी असते, बाई हवी असते, आणि नंतर पकडलं जाऊ नये असं वाटतं. जेम्स कॅलिसने हा माणूस इतका जवळचा केला आहे की प्रेक्षक त्याच्यावर रागवायचं ठरवून बसतो आणि ते जमत नाही.

मोजदाद

जुन्या मालिकेत ताफ्यात २२० जहाजं असतात. पहिल्या भागात अन्न सडलेलं निघतं, काही प्रवासी उपाशी असतात, आणि एक श्रीमंत पुढारी स्वतःच्या जहाजावर अन्न साठवून चैन करत असतो. ही दृश्यं उत्तम आहेत. पण कॅरिलॉननंतर टंचाई लेखकाला हवी तेव्हा येते आणि जाते. किती माणसं उरली, किती इंधन उरलं, हा हिशेब प्रेक्षकाला कधीच दिला जात नाही.

रिमेकने हिशेबच समोर ठेवला. शिक्षणमंत्री लॉरा रोझलिन वारसाक्रमात ४३ व्या क्रमांकावर, आणि वरचे ४२ गेल्यामुळे ती राष्ट्राध्यक्ष होते. तिच्या दालनात पांढऱ्या फळ्यावर वाचलेल्यांचा आकडा लिहिलेला असतो, पन्नास हजारांच्या आसपास. सुरुवातीच्या शीर्षकांत तो आकडा भागागणिक बदलतो. कुणी मेलं की उतरतो, मूल जन्मलं की एकाने चढतो. तिचा पहिला मोठा निर्णयही अंकगणिताचा असतो. ज्या जहाजांना प्रकाशवेगापलीकडे उडी मारता येत नाही त्यांना, माणसांसकट, मागे ठेवायचं. जुन्या मालिकेत असा प्रश्नच उद्भवत नाही. तिथे सगळा ताफा सगळ्यात संथ जहाजाच्या चालीने जातो आणि तरी पाठलाग करणाऱ्यांना सापडत नाही.

रिमेक आधी लघुमालिका म्हणून आला आणि मग नियमित मालिका झाली; तिचा पहिला भाग, '३३', या पद्धतीचा कळस आहे. दर ३३ मिनिटांनी सायलॉन येतात, दर वेळी उडी मारावी लागते, आणि हे पाच दिवसांहून अधिक चाललेलं असतं. २३० हून अधिक उड्या झालेल्या असतात. ३३ मिनिटांनी गुणून पाहिलं तर १३० तासांच्या आसपास उत्तर येतं. लेखकांनी हिशेब खरा ठेवला आहे. कुणी झोपलेलं नाही, वैमानिकांना उत्तेजक गोळ्या दिल्या जातात, दाढी वाढलेली, डोळे लाल. मग 'ऑलिंपिक कॅरियर' हे १,३४५ प्रवासी असलेलं जहाज एका उडीत मागे राहतं, आणि ते परतल्यावर सायलॉन त्याच्या मागोमाग येतात. आपलंच जहाज पाडायचा हुकूम द्यावा लागतो. त्याच्या खिडक्यांत माणसं होती की नव्हती हे दिग्दर्शकाने मुद्दाम धूसर ठेवलं आहे. या भागाला २००५ चा ह्यूगो हा विज्ञानकथांचा पुरस्कार मिळाला. पुढच्याच भागात स्फोटाने गॅलॅक्टिकाच्या टाक्यांतलं निम्म्याहून अधिक पाणी अवकाशात जातं, आणि पुढे टिलियम संपत आल्यावर शत्रूच्या ताब्यातल्या लघुग्रहावर धाड घालावी लागते. त्या भागाचं नाव 'द हँड ऑफ गॉड', जुन्या मालिकेच्या अखेरच्या भागाचंच.

केन दोन वेळा

दोन्ही मालिकांत साधारण सारखा घडलेला सर्वांत मोठा प्रसंग हा: गॅलॅक्टिकासारखंच दुसरं लढाऊ जहाज, 'पेगॅसस', जिवंत सापडतं. त्याचा सेनानी केन.

१९७८ च्या दोन भागांत लॉइड ब्रिजेसचा केन हा दंतकथेतला वीर आहे. ताफ्याला इंधन हवं असतं. सायलॉनांची टँकर जहाजं पळवायची योजना ठरते, आणि केन ती मुद्दाम नष्ट करतो, म्हणजे मग गॅमोरे या शत्रूच्या तळावर हल्ला करण्याखेरीज मार्गच उरणार नाही. अडामा त्याला पदावरून हटवतो, पेगॅससचे लोक बंडाच्या कडेला येतात. इथे मालिका खरोखर उंचावर जाते. दोन शूर, दोघांचं बरोबर, आणि तरी दोघांना एका ताफ्यात राहता येत नाही. मग बाहेरून बाल्टरचा हल्ला येतो, वाद तिथेच थांबतो, आणि केन सायलॉनांच्या दोन बेसस्टार युद्धनौकांवर एकटा धावून जातो. त्याचं पुढे काय झालं ते कळत नाही. त्याची मुलगी शीबा मागे राहते. संघर्ष सुटत नाही, तो शत्रूच्या आगमनामुळे विसरला जातो.

२००५ मध्ये मिशेल फोर्ब्सची ॲडमिरल केन पदाने अडामाच्या वर आहे, हा छोटा बदल सगळं फिरवतो. आता अडामाने ऐकायचं असतं. पहिल्या दहा मिनिटांत आनंद असतो, मिठ्या असतात. मग पेगॅससच्या दुसऱ्या क्रमांकाच्या अधिकाऱ्याकडून दारूच्या ओघात कळतं की आत्मघातकी हल्ल्याचा हुकूम नाकारणाऱ्या आधीच्या अधिकाऱ्याला केनने सगळ्यांसमोर गोळी घातली होती. नागरी जहाजांचे सुटे भाग तिने काढून घेतले, कामाची माणसं उचलली, विरोध करणाऱ्यांच्या बायकामुलांना मारलं. पेगॅससवरच्या सायलॉन कैदी स्त्रीवर केनच्या संमतीने अत्याचार झालेले असतात. पेगॅससचा चौकशी अधिकारी गॅलॅक्टिकावरच्या शॅरन या सायलॉन कैदी स्त्रीवर हात टाकतो, तेव्हा गॅलॅक्टिकाचे टिरोल आणि हीलो मध्ये पडतात, तो मरतो, आणि केन दोघांना देहदंड सुनावते. भाग संपतो तेव्हा दोन्ही जहाजांची विमानं एकमेकांवर रोखलेली असतात.

१९७८ मध्ये विसरलेला संघर्ष इथे तिसऱ्या भागापर्यंत ताणला आहे. अडामा आणि केन, दोघेही एकमेकांच्या खुनाचा हुकूम देतात आणि लढाई जिंकल्यावर दोघेही तो मागे घेतात. केन मरते ती त्या कैदी सायलॉनच्या हातून. आणि सर्वांत बोचरी गोष्ट अशी की केनला मारायला हवं हे प्रथम बोलून दाखवते ती रोझलिन, शाळामास्तरीण राष्ट्राध्यक्ष. केन अडामापेक्षा दुष्ट नाही. रोझलिन भेटली नसती तर अडामाही ताफा सोडून लढायलाच गेला असता, लघुमालिकेत तो तसं म्हणतोही. केन म्हणजे रोझलिनविना अडामा.

सायलॉनला यंत्र केल्यामुळे १९७८ मध्ये हळहळ संपली होती. इथे सायलॉन माणसासारखे दिसतात, प्रार्थना करतात, आणि त्यांच्यावर झालेला अत्याचार पाहताना प्रेक्षकाची मान खाली जाते. हेच रिमेकचं सर्वांत मोठं काम.

दिसणं

जुन्या मालिकेची दृश्यकरामत जॉन डिक्स्ट्राच्या चमूने सुरू केली. गॅलॅक्टिकाची प्रतिकृती सुमारे सहा फुटांची. बाजारात मिळणाऱ्या खेळण्यांच्या रणगाडा-विमानांच्या संचांमधले भाग चिकटवून तिला खडबडीत अंग दिलं. प्रतिकृती स्थिर, कॅमेरा संगणकाच्या ताब्यात. तीच चाल पुन्हा पुन्हा चालवून एकदा जहाज, एकदा इंजिनाचे दिवे, एकदा कापून काढण्यासाठीची आकृती, अशा फेऱ्या घ्यायच्या आणि मग फिल्मवर एकत्र छापायच्या. एका शॉटला लागणारा वेळ पाहता दर आठवड्याला नवी लढाई अशक्यच होती. म्हणून व्हायपर नळीतून सुटतानाचे आणि सायलॉन विमान फुटतानाचे तेच ते तुकडे मालिकाभर येतात. सलग पाहणाऱ्याला हे तुकडे तिसऱ्या-चौथ्या भागापासून ओळखू येतात. तरीही नळीतून सुटण्याचा तो शॉट टीव्हीवरच्या विज्ञानकथेतला एक अव्वल शॉट आहे.

रिमेकमध्ये जहाजं संगणकावर बनतात, पण कॅमेरा मात्र युद्धवार्ताहराचा. तो उशिरा वळतो, चुकीच्या जागी झूम करतो, मग जहाज शोधतो. लेझरऐवजी गोळ्या आणि अणुबॉम्ब. व्हायपर छोट्या धक्कानळ्यांनी जागेवर उलटं फिरून मागे गोळ्या झाडतं, हवा नसलेल्या ठिकाणी ते शक्य असतं. अवकाशातले आवाज दाबलेले. 'एक्झोडस'च्या दुसऱ्या भागात गॅलॅक्टिका वातावरणातून दगडासारखी कोसळत येते, विमानं सोडते आणि जमिनीवर आदळण्याआधी उडी मारून नाहीशी होते. दृश्यपरिणामांचा एमी पुरस्कार त्या भागाला मिळाला.

माणसं

स्टारबक बाई केल्यावर गदारोळ झाला. जुना स्टारबक, डर्क बेनेडिक्ट याने तर विरोधात लेख लिहिला. केटी सॅकहॉफच्या कारा थ्रेसने तो वाद दोन-चार भागांत निकाली काढला. जुन्या मालिकेत बायका विमानं चालवतात, पण पहिली संधी मिळते ती पुरुष वैमानिक आजारी पडतात तेव्हा.

मात्र उलट बाजूही सांगायला हवी, आणि रिमेकचे चाहते ती सहसा सांगत नाहीत. १९७८ मध्ये कर्नल टाय आणि बूमर या दोन महत्त्वाच्या भूमिका टेरी कार्टर आणि हर्बर्ट जेफरसन या कृष्णवर्णीय नटांकडे होत्या, आणि दोघे कर्तबगार, समतोल अधिकारी होते. रिमेकमध्ये टाय गोरा झाला आणि बूमर आशियाई स्त्री. मायकेल होगनचा दारुडा टाय ही मालिकेतली एक थोर भूमिका आहे, तरी कृष्णवर्णीय नटांच्या त्या दोन जागा गेल्या त्या गेल्याच.

रिमेक कुठे घसरला

पहिल्या हंगामापासून शीर्षकांत लिहून येतं की सायलॉनांकडे एक योजना आहे. लेखकांकडे ती नव्हती. 'शेवटचे पाच' सायलॉन कोण हे तिसऱ्या हंगामाच्या अखेरीस चौघांबाबत उघड होतं, आणि ती निवडही त्याच सुमाराची. त्यामुळे टाय किंवा टिरोल यांचे आधीचे भाग पुन्हा पाहिले तर खुणा सापडत नाहीत, कारण पेरलेल्याच नव्हत्या. टंचाई, निवडणूक, न्यू कॅप्रिका या ग्रहावर वसलेल्या माणसांवरची सायलॉन राजवट आणि तिच्याविरुद्धचे आत्मघातकी हल्ले, हे सगळं परिस्थितीतून उगवलेलं होतं म्हणून जिवंत राहिलं. रहस्य वरून आणून ठेवलं होतं, म्हणून ते ताण पडताच उसवलं.

शेवटही याच कारणाने दुभंगतो. २००९ मध्ये ताफा दीड लाख वर्षांपूर्वीच्या पृथ्वीवर पोचतो, लोक आपली सगळी जहाजं सूर्यात सोडून देतात आणि औषधं, यंत्रं टाकून रानात पांगतात. चार हंगाम दर थेंबाचा हिशेब ठेवणारी माणसं हे बिनतक्रार मान्य करतात, हे पटत नाही. त्यापेक्षा जुन्या मालिकेचा अखेरचा भाग साधा आणि नेमका आहे. एका जुन्या यंत्रावर चंद्रावर उतरणाऱ्या अपोलो ११ चं प्रक्षेपण उमटतं, आणि त्या वेळी पडद्याकडे कुणाचंच लक्ष नसतं.

रिमेकचा सहनिर्माता डेव्हिड आइक याने २००७ मध्ये 'बायोनिक वुमन'चाही रिमेक केला, त्यात केटी सॅकहॉफही होती. तो गडद सूर तिथेही लावला. आठ भागांनंतर लेखकांचा संप आला आणि मालिका परतली नाही. पण संप नसता तरी अडचण होतीच. त्या मूळ मालिकेत सोडून दिलेला असा प्रश्नच नव्हता.

संगीत

स्टू फिलिप्सची जुनी धून तुतारी-नगाऱ्यांची आणि पूर्ण वाद्यवृंदाची होती. नव्या मालिकेत बेअर मॅकक्रिअरीने मोठे जपानी ढोल आणि डुडुक हे आर्मेनियन फुंकवाद्य आणलं. रिचर्ड गिब्जच्या शीर्षकगीतात जे शब्द आहेत ते मराठी घरात कुणालाही ओळखू येतील, 'ॐ भूर्भुवः स्वः', गायत्री मंत्र. उच्चार थोडे परके आणि चाल संथ, त्यामुळे पहिल्यांदा ऐकताना क्षणभर खात्री होत नाही. 'हे सगळं आधी घडलंय आणि पुन्हा घडणार आहे' हे मालिकेतलं धर्मवचन असल्यामुळे तो मंत्र तिथे उपरा वाटत नाही. जुनी धूनही टाकलेली नाही. लघुमालिकेत गॅलॅक्टिकाच्या निरोपसमारंभात विमानं डोक्यावरून जातात तेव्हा ती राष्ट्रगीत म्हणून वाजते, आणि शेवटच्या भागात ताफा सूर्याकडे निघतो तेव्हा पुन्हा.

तुलना स्वतः करायची तर दोन्ही मालिका संपूर्ण पाहायची गरज नाही. जुनीतला पहिला भाग 'सागा ऑफ अ स्टार वर्ल्ड' पाहून लगेच २००३ ची लघुमालिका आणि '३३' पाहावेत. मग जुनीतले केनचे 'द लिव्हिंग लेजंड' हे दोन भाग आणि त्यांच्यामागून नवीतले 'पेगॅसस' व 'रेझरेक्शन शिप'. 'पेगॅसस'ची डीव्हीडीवरची लांब आवृत्ती घ्यावी. जुनीचा पहिला भाग टीव्हीवरचा घ्यावा, चित्रपटगृहातला नव्हे, नाहीतर बाल्टर मेलेला असतो आणि पुढच्या भागात जिवंत दिसतो. 'रेझर' हा केनवरचा चित्रपट चौथ्या हंगामाच्या आधी, आणि 'द प्लॅन' हा चित्रपट अगदी शेवटी, कारण आधी पाहिला तर बाकीच्या मालिकेतली रहस्यं फुटतात.